आर्काडीरावांनी काय मागितलं

गेल्या हिवाळ्यात मी दुबईला मुलीकडे होतो. तिच्या घरी मंडळी जमली होती. जेवणं झाली, आणि अस्मिता नेहमीप्रमाणे म्हणाली, "बाबा, डू द आर्काडी वन! प्लीज!" मग मित्रमंडळींकडे वळून तिनेच प्रस्तावना केली, "यू हॅव टू सी धिस. दॅट फॅट पॉलिटिशियन, ही वॉज रिअल!"

मी उभा राहिलो. पोट पुढे काढलं, अंगठे पट्ट्यात अडकवले, घसा खाकरला. लोक हसायला लागले. हा खेळ मी वीस वर्षांहून जास्त काळ करत आलो होतो. दुबईच्या करामा भागातल्या घरांमध्ये केला, मंडळाच्या गणपतीत केला, फुजैराच्या सहलींच्या बसमध्येही केला. पण त्या संध्याकाळी अल ऐनच्या प्रसंगापाशी आलो आणि थांबलो. "पुढचं आठवत नाही," म्हणालो आणि खाली बसलो. वय झालं, म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं.

मला सगळं आठवतं. गावात पाणी नसताना अरबाकडे गाडी मागणारा पुढारी म्हणून हा माणूस आमच्या ओळखीच्या घरांमध्ये प्रसिद्ध आहे. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही तेही त्याला हसतात. तो प्रसंग तसा घडला नव्हता. तो कसा घडला हे सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

तरुणपणी मी पुण्यात रशियन शिकलो आणि रशियन मदतीने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात बरीच वर्षं दुभाषी होतो. मग तिकडे सोव्हिएत राज्य मोडलं, इकडचे रशियन इंजिनियर सामान बांधून गेले, आणि माझी भाषा कुणाच्याच कामाची राहिली नाही. अपवाद फक्त दुबईचा. तिथे विमानं भरभरून रशियन बोलणारी माणसं खरेदीला उतरत होती. दुबईच्या देरा भागातल्या एका सिंधी शेठच्या फर्ममध्ये मी लागलो. फर्म पंप आणि जनरेटर विकायची. करामा भागात छोटा फ्लॅट मिळाला, आणि वर्षभराने माझी बायको नलू आणि अस्मिता आल्या.

आर्काडी पेत्रोविच आमचे गिऱ्हाईक. त्या मोडलेल्या राज्यातून वेगळ्या झालेल्या एका लहान डोंगराळ देशाचे खासदार. देशाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. पूर्वी ते आपल्या जिल्ह्याचे पक्षसचिव होते. "आधी मी लोकांना सांगायचो, शेतं एकत्र करा. आता सांगतो, वाटून घ्या," असं ते स्वतःच म्हणत. "दोन्ही वेळा मला जेवायला उत्तम मिळालं." भाषणाची सुरुवात अजून "कॉम्रेड्स" अशीच व्हायची. मग खोकल्याची एक उबळ यायची आणि पुढे "म्हणजे, सज्जनहो".

माणूस अवाढव्य. करामातल्या एका शिंप्याकडून त्यांनी पांढरा सूट शिवून घेतला होता. तो शिंपी माप घेताना टेप घेऊन त्यांच्याभोवती चालत फिरला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना सगळ्याची हाव होती: कबाबची, अत्तरांची, काचेच्या झुंबरांची, प्लास्टिकच्या ऑर्किडची. शेजारच्याच्या ताटातला घास ते बोलता बोलता उचलत, आणि त्याला राग यायच्या आत त्याची स्तुती करत. आपल्या प्रत्येक चैनीला त्यांचा एकच शब्द होता, राज्याचं काम. बुफेकडे निघाले की म्हणत, "चल, राज्याचं काम." दुपारी झोपायला जाताना, "तासभर राज्याचं काम आहे, कुणाला सोडू नकोस." मला ते माधवुश्का म्हणत. नलूने ते उचललं. "माधवुश्का, कचरा खाली टाकून या," असं आमच्या घरात कितीतरी वर्षं चाललं. ती त्यांना आर्काडीराव म्हणायची.

सगळ्यात मोठी चैन म्हणजे हॉटेलचा बाथटब. दुबईला आले की सकाळचा निम्मा वेळ ते त्यात. काठोकाठ गरम पाणी भरून आत झोपायचे, दार अर्धं उघडं, आणि बाहेर खुर्चीवर मी. शेठ पलीकडच्या सोफ्यावर घड्याळ बघत.

"पूछो, कितने किलोवॅट का मांगता है?" शेठ म्हणायचे.

मी दारातून विचारायचो. आतून उत्तर यायचं, "त्याला विचार, हा नळ रात्रंदिवस असाच गरम येतो? बंदच होत नाही?"

"क्या बोला?"

"सोच के बताते हैं, बोले."

एकदा आत बराच वेळ शांतता होती. झोपले की काय म्हणून मी हाक मारली. तेव्हा आवाज आला, "माधवुश्का, माझ्या गावच्या लोकांनी हे बघितलं तर मला याच पाण्यात बुडवून मारतील." मला वाटलं, आता ते बाहेर येतील. पण नळ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

गावाची हकिगत मला कळली ती आमच्या घरी. एका शुक्रवारी शेठने सांगितलं, गिऱ्हाइकाला घरचं जेवण घाला. नलूने भरली वांगी आणि अळूवडी केली होती. आर्काडीराव अक्रोडाच्या मुरांब्याची बरणी घेऊन आले आणि जमिनीवर मांडी घालायचा हट्ट धरून बसले. नंतर त्यांना उठवायला मी आणि शेजारचे जोशी असे दोघे लागलो. त्यांच्या देशात काहीही प्यायच्या आधी पेला उचलून, मग पुन्हा खाली ठेवून भाषण करायची रीत. आमच्याकडे ताक होतं. त्यांनी ताकाचा पेला उचलला, खाली ठेवला आणि बोलायला लागले. वांग्यावर बोलले, नलूच्या हातावर बोलले, अस्मिताच्या परीक्षेवर बोलले. मग गावावर आले.

सामुदायिक शेती होती तोवर गावात खोल विहिरीवरचा पंप होता, वीज होती, सफरचंदाच्या बागा होत्या. राज्य गेलं. विजेच्या तारा चोरीला गेल्या, पंप जळला, बागा वाळल्या. आता बायका दरीतल्या नदीवरून पाणी आणत होत्या, आणि त्या नदीत वरच्या खाणीचं पाणी यायचं. मुलं आजारी पडत होती. एक हिवाळा फार वाईट गेला, एवढंच म्हणाले.

"मग तुम्ही काय केलंत?" नलूने सरळ विचारलं. मी रशियनमध्ये जरा मऊ करून सांगितलं.

"मी वचन दिलं," आर्काडीराव म्हणाले. "निवडणूक होती. म्हणालो, दुबईला एखादा श्रीमंत अरब बघतो आणि पाणी आणतो."

"मग मागा की. मागायला लाज कसली?"

ते हसले. "मदाम, स्वतःसाठी मागायची लाज मला कधीच वाटली नाही. दुसऱ्यासाठी मागायची सवय नाही."

मग ताक प्यायले आणि माझ्या ताटातली शेवटची अळूवडी उचलली.

आमच्या फर्मचे स्थानिक भागीदार अल ऐनचे एक वृद्ध अरब होते. सगळे त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणत. त्यांच्या सहीशिवाय फर्मचा परवाना नव्हता आणि माझा व्हिसाही नव्हता. तरुणपणी त्यांनी मुंबईशी व्यापार केला होता, त्यामुळे हिंदी बोलत. वडिलांच्या नावाने परक्या मुलखांत विहिरी खोदून देण्याचा त्यांचा नेम होता. हे आर्काडीरावांना कुणीतरी सांगितलं. ते शेठच्या मागेच लागले, मला त्यांना भेटव.

शेठ नाही म्हणू शकले नाहीत. पण निघण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "देखो माधव, अरबाब के सामने मांगने का नहीं. इसके जिले का पंप का ऑर्डर अपने को मिलने वाला है. ये फुकट मांगेगा, तो अपना खलास. समझा ना? और तुम्हारा रिन्यूअल भी इसी महिने है."

समजलो होतो.

अरबाबांचा दिवाणखाना खजुराच्या बागेत होता. भिंतीला लागून गाद्या, मध्ये गालिचा, कोपऱ्यात लाकडी दांडीवर डोळे झाकलेला ससाणा. आर्काडीरावांची नजर आत शिरल्यापासून त्या ससाण्यावर. खजूर आले, ते त्यांनी भराभर संपवले. मग नोकराने पितळी किटलीतून कॉफीचा पहिला छोटा कप त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उचलला, सवयीप्रमाणे समोर गालिच्यावर ठेवला, छातीवर हात ठेवला आणि भाषण करायला तोंड उघडलं.

किटलीवाला जागच्या जागी थांबला. अरबाबांनी हात वर केला. तिथली रीत अशी की पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला, तर त्याला काहीतरी मागायचं आहे. आणि यजमानाने हो म्हणेपर्यंत तो पिणार नाही. नाही म्हटलं तर यजमानाची आयुष्यभराची नाचक्की. हे मला माहीत होतं. शेठना माहीत होतं. आर्काडीरावांना माहीत नव्हतं.

"इसका कॉफी नीचे है," अरबाब मला म्हणाले. "पूछो, क्या मांगता. जो मांगता, मिलेगा."

मी आर्काडीरावांना फक्त एवढंच सांगितलं, "विचारतायत, तुम्हाला काही हवंय का."

ते गांगरले. त्यांनी ससाण्याकडे पाहिलं, बाहेर उभ्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, पुन्हा ससाण्याकडे पाहिलं. हे सगळं मी खेळात करायचो आणि लोक पोट धरून हसायचे. मग ते खाली बघून, माझ्याशीच बोलावं तसे हळू बोलले.

"त्याला सांग, मला तो पक्षी हवाय. नाही, थांब, हे सांगू नकोस. माझ्या गावात पाणी नाही. एक विहीर, एक पंप. माझं नाव नको त्यावर, त्याच्या बापाचं घाल म्हणावं. आणि सांग, मला नीट मागता येत नाही, राग मानू नकोस."

त्या खोलीत दोन्ही बाजू कळणारा मी एकटा होतो. शेठ माझ्याकडे बघत होते. मी अरबाबांना म्हणालो, "कुछ नहीं मांगते. इनके देश में कप नीचे रखकर मेजबान की तारीफ करने की रीत है. आपके खजूर की तारीफ कर रहे हैं."

अरबाबांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हसू. "अल्हमदुलिल्लाह. तो बोलो, पिओ."

आर्काडीराव उत्तराची वाट बघत होते. त्यांना काहीतरी सांगायलाच हवं होतं. मी म्हणालो, "म्हणतायत, इन्शाल्ला."

दुबईच्या इतक्या फेऱ्यांनंतर त्या शब्दाचा बाजारातला अर्थ त्यांना पक्का माहीत होता. दुकानदार इन्शाल्ला म्हणाला की माल येणार नाही. त्यांनी मान हलवली, कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला. पुढे तासभर अरबाबांना हसवत राहिले. निघताना दोघांनी गळामिठी मारली.

परतीच्या वाटेवर शेठ पुढे बसून खुशीत होते. मागे आर्काडीराव बराच वेळ वाळूकडे बघत होते. मग म्हणाले, "चांगला माणूस आहे. नाही म्हणायचा हक्क सगळ्यांना असतो." थोड्या वेळाने म्हणाले, "इथे कुठे कोंबडी मिळेल का?"

घरी आलो तर नलू दारातच. "काय हो, मागितलं का आर्काडीरावांनी?"

"मागितलं."

"काय?"

माझ्या तोंडून निघालं, "गाडी. अरबाबची लँड क्रूझर."

ती हसून हसून खुर्चीवर बसली. "शोभला बाई! आणि गावच्या बायका बसल्यात वाट बघत." अस्मिताही हसली. मग मी आर्काडीरावांसारखं पोट पुढे काढून ससाण्याकडे आणि गाडीकडे बघून दाखवलं. खेळ तिथे सुरू झाला. नलूला खरं मी कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिच्या मनात आर्काडीराव गाडी मागणारेच होते.

दोन-तीन महिन्यांनी शेठने मला त्यांच्या देशात पाठवलं. पंपाच्या ऑर्डरवर सह्या घ्यायच्या होत्या. आर्काडीराव म्हणाले, आधी माझं गाव बघ. राजधानीतून दिवसभराचा रस्ता. वाटेत ते तीनदा जेवले, प्रत्येक वेळी राज्याचं काम. गाव जवळ यायला लागलं तसं बोलणं कमी झालं.

वेशीवर लोखंडी कमान होती. सामुदायिक शेताचं नाव होतं, त्यातली निम्मी अक्षरं पडलेली. गोठ्यांचे पत्रे लोकांनी काढून नेले होते, नुसते सांगाडे उभे. चौकात पुतळ्याचा चौथरा, वर पुतळा नाही, कोंबड्या बसलेल्या. तरुण माणूस एकही दिसला नाही. हातगाडीवर दुधाचे जुने कॅन बांधून बायका दरीतून वर येत होत्या. पांढऱ्या सुटातले आर्काडीराव गाडीतून उतरले, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

शाळेत सभा भरली. ते उभे राहिले. "कॉम्रेड्स..." उबळ आली. "म्हणजे, सज्जनहो..." कुणी हसलं नाही. ते रस्त्याबद्दल बोलले, नव्या राज्यघटनेबद्दल बोलले. पहिल्या बाकावर काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी बसली होती. तिच्या नातवाबद्दल मला वाटेत ड्रायव्हरने सांगितलं होतं. तो त्या वाईट हिवाळ्यात गेला. ती मध्येच म्हणाली, "आर्काशा, ते राहू दे. अरबाकडे गेला होतास ना?"

"गेलो होतो, मावशी."

"मग?"

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. इथे दुभाष्याचं काम नव्हतं; माझी रशियन सगळ्यांना कळत होती. मी तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं.

आर्काडीराव म्हणाले, "मागायचं राहून गेलं."

"राहून गेलं?"

"हो."

"खात बसला असशील."

"हो, मावशी. खजूर होते. खात बसलो."

मागून कुणीतरी शिवी हासडली. एक माणूस उठून बाहेर गेला, मग दुसरा. म्हातारी सगळ्यात शेवटी उठली. तिने त्यांच्या पोटाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलंच नाही, आणि गेली.

अंगणात मी त्यांना विचारलं, "असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? त्याने नाही म्हटलं म्हणून? त्याच्या घरचं खाल्लंय मी." मग सुस्कारा टाकून म्हणाले, "आणि माझ्याबद्दल हे त्यांना लगेच खरं वाटतं. फार समजवावं लागत नाही."

मी तेव्हाही बोललो नाही. पंपाची ऑर्डर झालीच नाही. जिल्ह्याच्या तिजोरीत काही नव्हतं, सह्या करणारा अधिकारीच पळून गेला होता. त्या वर्षी आर्काडीराव निवडणूक हरले आणि दुबईला पुन्हा आले नाहीत. अरबाब मात्र पुढे बरीच वर्षं होते. व्हिसाच्या सहीसाठी गेलो की दरवेळी विचारायचे, "वो मोटा आदमी कैसा है? अच्छा आदमी. आया, बैठा, कुछ मांगा नहीं." त्यातल्या कुठल्याही वेळी मी सांगू शकलो असतो. विहीर तेव्हाही झाली असती. माझ्या डोळ्यांपुढे अस्मिताची शाळा असायची, मग तिचं कॉलेज, मग बँकेतले पैसे पुरेसे झाले आणि सवयच झाली. एके वर्षी सहीला त्यांचा मुलगा बसलेला होता.

मी आर्काडीरावांना शेवटचं पाहिलं ते त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मला राजधानीला पोचवायला गाडी तयार होती. आर्काडीराव आणखी दोन दिवस गावातच राहणार होते. त्यांच्याकडे पाहुणा निघाला की सगळं गाव रस्त्यावर येतं. कुणी पाव देतं, कुणी फळं. ते गाडीच्या दाराशी उभे राहिले आणि घरांकडे बघत राहिले. एकही दार उघडलं नाही. एका खिडकीचा पडदा हलला, तेवढंच.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. त्यांनी त्याला हाताने थांबवलं. अजून थोडा वेळ वाट पाहिली. मग खिडकीत वाकले. चेहरा लाल झाला होता.

"माधवुश्का, माफ कर," ते म्हणाले. "माझ्यावर रागावलेत ते. पण तू पाहुणा आहेस. तुझा काय दोष? तुला निरोप द्यायला तरी यायला हवं होतं."

मी म्हणालो, "चालेल हो."

"नाही, नाही चालणार," ते म्हणाले, आणि गाडीपुढे चालत कमानीपर्यंत आले. तिथे रस्त्याच्या कडेला उभे राहून, गावातल्या सगळ्या माणसांच्या वाटचे हात हलवावेत तसे ते दोन्ही हात वर करून हलवत राहिले. गाडी वळणावर गेली तरी हलवत होते.